चाळीस घरचं बी

गोंडपिपरी
२७ मे २००४

चि. लालसू,
दुआ आणि आशीर्वाद.

तुझा कॉम्प्युटर काल बोलला, आणि बोलला तो थेट अभंगात. हसू नकोस. अडतीस वर्षं पोरांना कविता शिकवलेल्या माणसाचा कान आहे हा.

झालं असं. काल बुधवार, करंजटोल्याचा बाजार. तेलघाणी संस्थेच्या खोलीत चाळीसही घरची माणसं जमली होती. मोहाच्या टोळ्या, म्हणजे तेलाच्या बियांची फळं, पडायला लागल्या आहेत, घराघरात बियांचे ढीग, आणि तेलघाणी एकच. आठवड्याचे सात दिवस, सात घरांचा नंबर, तो सोडतीनं काढायचा. मंगलीनं बटण दाबलं. संस्थेची सचिव आता तीच आहे. शाळेत तुझ्या मागे तीन वर्षं होती बघ, उत्तर येत असलं तरी हात वर न करणारी. तू सांगितल्याप्रमाणे बटणानंतर कोणी कशाला हात लावला नाही. पडद्यावर अक्षरं धावली, प्रिंटर करकरला, कागद बाहेर आला. मी मोठ्यानं वाचला:

सात, एकोणीस। तीन, एकतीस। बारा, सत्तावीस। चौतिसावा॥

सहा, सहा, सहा अक्षरं आणि शेवटी चार! मोठ्या अभंगाचा साचा. यमकसुद्धा जागेवर. ‘वा’ तेवढा माझा, बाकी सगळं यंत्राचं. मी तिथंच चालीवर म्हणून दाखवलं, तर मंगली म्हणते, “गुरुजी, टाळ आणू काय?”

सात नंबर इसरूचा निघाला. मंगलीचा दीर तो. एवढा मोठा माणूस पोट्ट्यासारखा उडाला. कागदावर तारीख मात्र १ जानेवारी १९९४ अशी उमटते. मंगली विचारत होती, तर मी म्हटलं राहू दे. १९९४ साली मी नोकरीत होतो आणि माझे दात माझेच होते. कोणीतरी अजून तिथं थांबलंय, बरं वाटतं.

गावाकडे कधी येतोस? सहा वर्षं झाली.

तुझा
कय्यूम गुरुजी


हैदराबाद
२ जून २००४

गुरुजी, जोहार.

तुमचं पत्र ऑफिसात उघडलं आणि मोठ्यानं हसलो. शेजारचे बघत राहिले. त्यांना अभंगाचं काय सांगू?

ही सोडत मी का केली, ते तुम्हाला माहीत आहे. मी नववीत असताना तेंदूची पानं गोळा करायच्या फळीच्या कामाची चिठ्ठी निघाली, माझ्या बापाच्या नावाची, आणि लोक म्हणाले यानं चिठ्ठी ओली करून ठेवली होती, बोटाला थंड लागावी म्हणून. बाप त्यानंतर कुठल्याच सभेत बसला नाही. तेव्हाच ठरवलं होतं, या गावात हात न लावता चिठ्ठी काढणारं काहीतरी आणायचं. म्हणून मी याला बिनहाताची सोडत म्हणतो. बटण दाबलं की यंत्र जागं होतं आणि कोणी कळेला बोट लावायच्या आत नंबर काढून मोकळं होतं. वीज मधेच गेली तरी बिघडू नये म्हणून मी त्याच्या आतल्या तबकडीला कुलूप घालून ठेवलंय. तिच्यावर नवीन काही लिहिलंच जात नाही. जसं दिलं तसंच राहणार, दहा वर्षं.

कंपनीनं टाकून दिलेल्या दोन जुन्या मशीन होत्या. एक करंजटोल्याला पाठवली, दुसरी बेलमगुड्याच्या संस्थेला. पहिलीला मला तीन महिने लागले, दुसरी तिची हुबेहूब नक्कल. अर्ध्या दिवसात झाली.

येतो. दिवाळीत जमलं तर नक्की.

लालसू


गोंडपिपरी
१० जून २००४

चि. लालसू,
दुआ.

हे पत्र मजेचं नाही.

२ जूनला पुन्हा सोडत झाली. पुन्हा तोच अभंग. एक अक्षर इकडचं तिकडं नाही. आणि मी काय केलं सांगू? मी टाळी वाजवली. मला वाटलं, वा, यंत्राला पाठ आहे! माझ्याखेरीज कोणालाच आनंद झाला नव्हता हे मला घरी आल्यावर शमीमनं सांगितलं. “ज्याच्या घरी टोळ्या सडून राह्यल्या, तो टाळी वाजवन काय?” म्हणाली. संसारात एवढी वर्षं झाली, अजून माझा पेपर तीच तपासते.

काल तिसरी सोडत. पुन्हा सात, एकोणीस, तीन, एकतीस. झिंगू उभा राहिला. त्याचा नंबर चोवीस. त्याच्या घरी सहा पोती टोळ्या आहेत, वरचं पोतं हिरवं पडायला लागलंय.

“दीराचा नंबर दर बुधवारी पैला,” तो म्हणाला. “अन् आमचा नंबर काय मेला?”

मंगली म्हणाली, “भाऊ, माहा सोताचा बावीस. तो तरी एकदा निंगाला काय?”

“हुशार हायेस तू. सोताचा काऊन काढशीन?”

“मी काढतच नाई. यंत्र पाठ म्हणून राह्यलं. तुमी बटण दाबून पाहा.”

“मी काऊन दाबू? शिकेल तू हायेस का मी?”

इसरू बिचारा कोपऱ्यात बसून होता. माझा नंबर कापून टाका म्हणाला. कोणी ऐकलं नाही. झिंगूनं मागणी केली आहे की मंगलीला सचिवपदावरून काढा. रविवारी, २० तारखेला सभा.

तू मला एकच सांग. यंत्र असं पाठ म्हणू शकतं का? फोनवर मला अर्धंच ऐकू येतं, म्हणून लिहून कळव. तुझं लिहिलेलं मी सभेत ठेवीन.

कय्यूम गुरुजी


हैदराबाद
१५ जून २००४

गुरुजी, जोहार.

उत्तर छोटं आहे: नाही.

चाळीसातून सात नंबर, तेही त्याच क्रमानं, तीन वेळा. झाडावरून पडणारी टोळी तीन उन्हाळे त्याच वाटीत पडेल एक वेळ, पण हे नाही. मी हे यंत्र इथे माझ्या टेबलावर हजार वेळा चालवून पाहिलं होतं. दर वेळी वेगळा क्रम.

मला वाईट वाटतं, पण सरळ लिहितो. ज्या गोष्टीला हात लागत नाही तिच्यात खोट निघत नाही. खोट जिथे हात आहे तिथे शोधा. प्रिंटरमधून कागद निघतो आणि भिंतीवर लागतो, या दोन्हीच्या मध्ये कोण असतं ते पाहा. पहिल्या आठवड्याचाच कागद पुन्हा लावला जात असेल. तारीखही म्हणून तीच असेल.

यंत्राला दीर नसतो, गुरुजी.

लालसू


गोंडपिपरी
२४ जून २००४

चि. लालसू,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. रविवारी मी ते सभेत वाचलं.

चांगलं वाचलं, हेच वाईट झालं. तुला माहीत आहे, हातात कागद आला आणि समोर माणसं असली की माझा आवाज बदलतो. ‘यंत्राला दीर नसतो’ या वाक्याआधी मी थांबलो सुद्धा. जिथे टाळी पडते तिथे थांबायची जुनी खोड. टाळी पडली. मग मंगली उठली, कमरेची संस्थेच्या खोलीची चावी सोडून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “गुरुजी, लालसू दादाचं लिहिलेलं कोणाले समजलं नसतं. तुमी वाचून राह्यले म्हून खरं वाटलं.”

ती गेल्यावर मला आठवलं की प्रत्येक बुधवारी प्रिंटरमधून कागद मी स्वतः ओढून घेतला होता. गरम कागद, माझ्या हातात. मध्ये कोणीच नव्हतं. एवढी साधी गोष्ट मी सभेत बोललो नाही, कारण मी तुझं वाक्य म्हणण्यात गुंग होतो.

तिला पक्कं काढायचं की ठेवायचं, याचं मतदान १४ जुलैच्या सभेत आहे. तोवर घाणी बंद. चिठ्ठ्यांवर कोणाचा विश्वास नाही, यंत्रावर नाही, एकमेकांवर तर नाहीच.

मंगळवारी मी एसटीनं बेलमगुड्याला गेलो. का गेलो विचारशील तर सांगता येणार नाही. घरी बसवत नव्हतं. संस्थेच्या खोलीत ठमाबाई होत्या, अध्यक्ष आहेत तिथल्या. भिंतीवर सोडतीचा कागद होता. माझा चष्मा पिशवीत होता, म्हणून जवळ न जाताच मी सहज पुटपुटलो, “सात, एकोणीस, तीन, एकतीस...”

ठमाबाई म्हणाल्या, “बारा, सत्तावीस, चौतीस. गुरुजी, तुमाले दुरून दिसते जी!”

मी चष्मा लावून पाहिलं. तोच अभंग. तारीख १ जानेवारी १९९४.

“दर वेळी हेच निघते?” मी विचारलं.

“हेच. सात नंबर आमच्या सुकलूचा. मोठा नशीबवान माणूस. आता लोक त्याच्या हातानं नव्या घराची पयली खुटी गाडून घेतात. मागच्या हप्त्यात दोन लग्नात त्यालेच पुढं बसवलं.”

एकाच आकड्यानं करंजटोल्यात बाई चोर ठरली आणि बेलमगुड्यात सुकलू देवाचा लाडका. मंगली तर बेलमगुड्याला कधी गेलीसुद्धा नाही.

परतीच्या बसमध्ये मला तू आठवलास. सातवीत कविता तुझ्यासारखी कोणी म्हणत नसे. पण मधल्या कडव्यापासून म्हण म्हटलं की गप्प. पुन्हा पहिल्या ओळीवर जायचास, तिथून धाव घ्यायचास आणि सगळी बिनचूक म्हणून टाकायचास. पहिली ओळ तीच, तर पुढचं सगळं तेच. तुझं यंत्र तुझ्यावर गेलं आहे का?

कय्यूम गुरुजी


हैदराबाद
२९ जून २००४

गुरुजी,

तुमचं पत्र वाचून मी ऑफिसातल्या एका जुन्या मशीनवर तसंच सगळं बसवलं, तिची घड्याळाची बॅटरी काढली आणि बंद-चालू केली. सात, एकोणीस, तीन. पुन्हा बंद-चालू. सात, एकोणीस, तीन. अकरा वेळा केलं. मग थांबलो.

चूक माझी आहे. पूर्ण माझी. नीट लिहितो, सभेत ठेवता येईल असं.

यंत्राला मनाला येईल तो आकडा म्हणता येत नाही. त्याला मनच नाही. ते एका सुरुवातीच्या आकड्यावर गुणाकार-भागाकार करत पुढचा काढतं, त्याच्यावरून त्याच्या पुढचा. ऐकणाऱ्याला वाटतं वेडंवाकडं आहे. पण सुरुवात तीच असेल तर सगळी माळ तीच. तुम्ही म्हणालात तसं, पहिली ओळ. आमच्या धंद्यात त्या सुरुवातीच्या आकड्याला बी म्हणतात.

यंत्र जागं होतं तेव्हा त्याच्याकडे बी नसतं. ते गोळा करावं लागतं. कोणी कळ केव्हा दाबली, दोन कळांत किती वेळ गेला, घड्याळात किती वाजले, अशा कोणालाच आधी सांगता न येणाऱ्या बारीकसारीक गोष्टींतून. आणि झोपताना ते त्यातलं मूठभर पुढच्या वेळेसाठी राखून ठेवतं. शेतकरी ठेवतो तसंच.

आता मी काय केलं ते पाहा. वीज गेली तर बिघडू नये म्हणून तबकडीला कुलूप घातलं, म्हणजे नवीन बी राखायची जागाच बंद केली. माझ्या टेबलावर जे शेवटचं बी राहिलं होतं तेच ते दर वेळी पेरतंय. हजार वेळा तपासलं तेव्हा कुलूप नव्हतं; कुलूप सगळ्यात शेवटी घातलं आणि नंतर एकदाही तपासलं नाही. जुनी मशीन, घड्याळाची बॅटरी मेलेली, म्हणून चालू केली की १ जानेवारी १९९४. तुम्ही पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. मी वाचलं आणि सोडून दिलं. आणि कोणी हात लावायच्या आत नंबर काढायचा, ही तर माझीच शेखी. बेलमगुड्याची मशीन याचीच नक्कल, म्हणून तेच बी तिकडे.

हात लागू नये म्हणून मी सगळी दारं बंद केली, आणि यंत्राला हातच हवे होते.

मंगलीबद्दल मी जे लिहिलं त्याची मी माफी मागतो. तिच्यावर जो आळ आला तो माझ्या बापावर आला होता तसाच, आणि या वेळी तो मी घातला. हे वाक्य तुम्ही सभेत वाचाच.

तोडगा सोपा आहे. मी नवीन प्रोग्राम पाठवतो. यंत्र सुरू झालं की ते थांबेल, आणि मंगलीनं मनाला येईल तो मोठा आकडा टाकायचा. दर बुधवारी नवा. तेच बी. बॅटरी घड्याळवाल्याकडे मिळते, चपटी, रुपयाएवढी.

लालसू


गोंडपिपरी
४ जुलै २००४

चि. लालसू,
दुआ आणि आशीर्वाद.

तुझं पत्र घेऊन मी आधी मंगलीच्या घरी गेलो. सभेच्या आधी तिला वाचून दाखवायचं, असं या वेळी शमीमनं बजावलं होतं. मंगली अंगणात टोळ्या फोडत होती. फोडता फोडता ऐकत होती. माफीच्या जागी तिचा दगड थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

‘बी’ आलं तेव्हा म्हणाली, “कशाचं बी?”

म्हटलं, “आकड्याचं. तू मनातला आकडा टाकायचा.”

तिनं दगड खाली ठेवला. “मी नाई टाकणार.”

“काऊन?”

“गुरुजी, आता लोक म्हणतात मी कागद बदलवला. उद्या म्हणतीन मी बी बदलवलं. अन् खरंच बदलवता येईन ना? रातभर घरी बसून पाह्यलं, कोणत्या आकड्यानं इसरूचा नंबर येते, अन् तोच टाकला, तर कोणाले समजन?”

लालसू, येईल ना तसं? मला काही त्यातलं कळत नाही, पण ती म्हणते तर येत असेल.

मग ती म्हणाली, “लालसू दादा आपल्या गावचा हाये का नाई? पेरणीच्या आधी आपल्याकडं काय करते, इसरला काय?”

मी तर बाहेरचा, तरी मला आठवलं. पहिल्याच वर्षी मास्तर म्हणून आलो तेव्हा पाहिलं होतं. पेरणीआधी प्रत्येक घरून मूठभर बी येतं. गायता, म्हणजे गावची पूजा करणारा, सगळं एका टोपल्यात कालवतो, देवापुढे ठेवतो आणि मग त्यातलंच मूठमूठ घरोघर परत देतो. आपण दिलेलं आपल्यालाच येईल असं नाही. कोणाच्या शेतात काय उगवलं यात सगळ्यांचं थोडं थोडं असतं, म्हणून कोणी कोणावर बोट ठेवत नाही. मी तेव्हा यावर एक कविता लिहिली होती. वाईट होती. बरं झालं हरवली.

“चाळीस घरं हायेत,” मंगली म्हणाली. “चाळीसही जणांनी यावं, मनाला येईन त्या कळा दाबाव्या. एक मूठ, एक घर. मंग यंत्रानं कालवावं. एकजण लबाड राहिला तरी एकोणचाळीस त्याच्यावर पाणी पाडतीन. असं जमते काय, विचारा दादाले.”

जमतं का?

बॅटरीसाठी मी मशीनचा डबा उचलून घड्याळवाल्या मुन्नाकडे नेला. तो म्हणाला, “गुरुजी, घड्याळ कुठी हाये? हा तं डब्बा हाये.” पण बसवून दिली. आता २००४ साल लागलं आहे. दात काही परत आले नाहीत.

कय्यूम गुरुजी


हैदराबाद
९ जुलै २००४

गुरुजी, जोहार.

जमतं. नुसतं जमत नाही, जमायला हवं होतं ते हेच. आकडे उलटे तपासून हवा तो नंबर काढता येतो, ही शक्यता माझ्या लक्षात आली नव्हती, मंगलीच्या आली. इथे माझ्या हाताखाली चार इंजिनिअर आहेत, त्यांना मी तिचं बोलणं फळ्यावर लिहून समजावलं.

फ्लॉपी सोबत आहे. टपालावर भरवसा नको म्हणून आसिफाबादवरून तिकडे येणाऱ्या बसनं कंडक्टरच्या हाती पाठवतो, बल्लारपूरला तुमच्या ओळखीचा कोणी उतरवून घेईल असं पाहा. फ्लॉपी खाचेत घालून मशीन सुरू करा. पडद्यावर ‘बी टाका’ असं येईल. प्रत्येक घरानं निदान वीस कळा दाबायच्या. कोणत्या दाबल्या आणि दोन बोटांमध्ये किती वेळ गेला, दोन्ही धरलं जाईल. चाळीस घरं पूर्ण झाल्याशिवाय नंबर निघणार नाही. शेवटी उरलेलं मूठभर बी फ्लॉपीवर राखलं जाईल, पुढच्या बुधवारी नव्यात कालवायला.

मी ते चाळीस वेळा कुलूप घालून तपासलं आहे.

लालसू


गोंडपिपरी
१५ जुलै २००४

चि. लालसू,
दुआ आणि आशीर्वाद.

फ्लॉपी मिळाली. काल सभा झाली.

आधी तुझं २९ तारखेचं पत्र वाचलं. झिंगू म्हणाला, “कागदावरचं कागदावर. आधी यंत्र दाखवा. मंग हात वर करू.” म्हणजे मतदान सोडतीनंतर. मला ते पटलं नाही, पण मंगली म्हणाली, “बरोबर हाये भाऊचं.”

ती स्वतः यंत्रापासून दूर, दाराशी बसली. बटण इसरूच्या बायकोनं दाबलं. ‘बी टाका’ आलं आणि माणसं एकेक करून येऊ लागली. अरे, काय पाहिलं मी! कोणी एका बोटानं टोळी वेचावी तशी कळ वेचत होतं. एक म्हातारी दर कळेला पाया पडत होती, त्यामुळे तिच्या दोन कळांतला वेळ कोणा इंजिनिअरच्या बापालाही सांगता आला नसता. एकानं दोन्ही तळवे ठेवून दिले, भाकर थापतात तसे. आधी भीत होते, मग हसायला लागले, मग “माही राह्यली, माही राह्यली” म्हणून ढकलाढकली. मंगली बाविसाव्या नंबरला आली, वीस कळा मोजून दाबल्या आणि परत दाराशी.

झिंगू सगळ्यात शेवटी आला. मुद्दाम. बाह्या सरसावून बसला आणि दणादण कळा हाणू लागला. वीस झाल्या, तीस झाल्या. “भाऊ, बस झाल्या,” कोणी म्हटलं. “काऊन बस? माह्या घरचं बी हाये, मी पायलीभर टाकीन!”

मग प्रिंटर करकरला. कागद मी ओढला नाही. झिंगूनं ओढला आणि वाचता येत नाही म्हणून माझ्या पुढे धरला.

पहिला आकडा सात.

लालसू, सगळ्या माना दाराकडे वळल्या. मंगलीनं खाली पाहिलं नाही. इसरू म्हणाला, “मायच्यान, मी काई केलं नाई!” मी घाईनं पुढचे आकडे वाचले. यमक तर नव्हतंच. सात, अडतीस, सोळा, नऊ, चोवीस, एक, तेवीस. चोवीस म्हणजे झिंगू, पाचवा. पण तिकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो सातावर बोट ठेवून उभा होता.

“झिंगू,” मागून एक बाई म्हणाली, “आता बोल ना.”

झिंगूनं कागदाकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं, मग आपल्या दहा बोटांकडे.

“काय बोलू?” तो म्हणाला. “सगळ्यात जास्ती मीच ठोकलं. शेवटची कळ माही. या इसऱ्याले मीनंच पैला आणला ना बे!”

जो हशा झाला तो मी अडतीस वर्षांत कुठल्याच वर्गात ऐकला नाही. मतदान घ्यायला उभा राहिलो तर हात आधीच वर होते. पहिला झिंगूचा. मी ठराव लिहिला: सचिव मंगलीबाई निर्दोष, पदावर कायम. अक्षर माझं नेहमीपेक्षा वाईट आलं आहे.

आजपासून घाणी सुरू. पहिला घाणा इसरूचा, आणि तो झिंगूच्या पोत्यांना हात लावून पाहत होता, ती चार दिवस तग धरतील का म्हणून.

मंगलीला विचारलं, लालसूला काही लिहायचं का? तिनं माझ्याच कागदाच्या पाठीवर लिहिलं आहे. मी वाचलेलं नाही. म्हणजे वाचलं, पण मोठ्यानं नाही.

तुझा
कय्यूम गुरुजी

(पाठीमागे)

लालसू दादा, जोहार.

यंत्र चांगलं चालून राह्यलं. चावी माझ्याजवळ आहे.

बेलमगुड्याचं यंत्र अजून जुनंच बी पेरते. तिथं सुकलू भाऊ लग्नात पुढं बसून राह्यले. त्यांना खरं सांगायले फ्लॉपी पाठवून जमणार नाही. माणूस पाहिजे. तो माणूस तुम्ही. मी संगं येते.

अन् एक. तुमची माफी गुरुजीनं दोनदा वाचली. एकदा माझ्या अंगणात, एकदा सभेत. लय सुंदर वाचली. थांबायच्या जागी थांबले, आवाज खाली घेतला, बायकांच्या डोळ्यात पाणी आलं. मले हसू आलं.

तुम्ही येऊन बिनाचालीची सांगा.

मंगली